एकाच ठिकाणी वेडेपणा

नीलाताई, पैजमंडळाच्या पानावर तुझं नाव अजून सगळ्यात खाली आहे आणि माझं सगळ्यात वर. ते पान बंद करायचं काम तुझं असायचं. स्पर्धा संपली की तू सगळ्यांना एक खवचट निरोप पाठवायचीस, जिंकणाऱ्याचं कौतुक दोन शब्दांत आणि हरणाऱ्याची चेष्टा दोन परिच्छेदांत, आणि मग पान पुसून टाकायचीस. या वर्षी निरोप आला नाही. तुला जाऊन आता तीन आठवडे होतील. प्रकाशरावांनी पानाचा पासवर्ड मला दिलाय, पण मी त्याला हात लावलेला नाही.

आइंडहोव्हनच्या आपल्या मराठी मंडळाने तुझ्याविषयी लिहायला सांगितलं आहे. त्यांना तुझं शिक्षण, नोकरी, पेटंटं असं सगळं हवंय. मी म्हटलं, ते प्रकाशरावांना विचारा, नवऱ्याला तारखा पाठ असतात. मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचंय आणि त्यासाठी तुझ्याशीच बोलायला हवं.

मी इथे नोकरीला लागलो त्या आठवड्यात तुला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणालो होतो. आपण दोघं चिप बनवणाऱ्या यंत्रांमधल्या चुका मोजायचो. तू संख्याशास्त्रवाली, मी मेकॅनिकलचा, आणि तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी.

“इथे डिरेक्टरलासुद्धा लोक नावाने हाक मारतात,” तू म्हणालीस. “आणि मॅडम म्हटलं की मला सांगलीच्या आमच्या हेडबाई आठवतात. ताई म्हण. अरे-तुरे कर.”

श्रीरंगचा रंगाही तूच केलास, मला न विचारता. मार्च आला तसा माझ्या टेबलावर एक छापील तक्ता आणून टाकलास. दोन्ही बाजूंनी नावं, मध्ये निमुळत्या होत गेलेल्या रेघा.

“भर.”

“हे काय आहे?”

“अमेरिकेतल्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा. चौसष्ट संघ, हरला की घरी. कोण कोणाला हरवणार ते पार शेवटच्या सामन्यापर्यंत आधीच लिहून द्यायचं.”

“मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही.”

“मला तरी कुठे कळतं? मी पाच फूट आहे.”

तरुणपणी तू ओहायोत शिकलीस आणि येताना हे खूळ घेऊन आलीस. तिकडे सगळं ऑफिस मार्चमध्ये काम सोडून हेच करतं म्हणे. इकडे तू आमच्यासारख्या तीसेक मराठी लोकांना गोळा केलंस. आइंडहोव्हनचे आपण बहुतेक, आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या ऑफिसांतले चार-पाच आयटीवाले, आणि नीउ-व्हेनेपचं एक जोडपं, जे एकमेकांपासून तक्ता लपवून भरायचं. त्याला तू पैजमंडळ म्हणायचीस. पैसे लावायचे नाहीत हा तुझा पहिला नियम होता, कारण पैसे आले की लोक हसायचे थांबतात. दुसरा नियम जास्त जाचक होता. स्पर्धा संपते आणि पाठोपाठ पाडवा येतो, तेव्हा जो शेवटचा येईल त्याने पाडव्याला सगळ्यांसाठी पुरणपोळ्या लाटायच्या. पुरण इतरांनी करावं, कणीक इतरांनी मळावी, पण लाटायच्या त्यानेच. पोळी लाटता येत नाही ही सबब चालणार नव्हती. आमच्यापैकी अनेकांची लग्नं तुझ्या या नियमामुळे सुधारली असं माझ्या बायकोचं, अनघाचं, मत आहे.

मी पहिल्या वर्षी नीट अभ्यास केला. दहा वर्षांचे निकाल गोळा केले, एक्सेलमध्ये मॉडेल लिहिलं, प्रत्येक सामन्यात जास्त शक्यता ज्याची, तो संघ निवडला. चौथा आलो. दुसऱ्या वर्षी मॉडेल सुधारलं आणि पुन्हा चौथा आलो. तिसऱ्या वर्षी पाचवा आलो तेव्हा तू माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, “सभ्य मुलगा आहेस तू. असाच सभ्य राहिलास तर जन्मभर चौथा येशील.”

मी चिडलो होतो. जे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते निवडण्यात चूक काय, असा माझा मुद्दा होता, आणि तो मी कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा आर्नहेमला क्लायंटकडे जाताना अख्ख्या गाडीच्या प्रवासात मांडला. तू सँडविच खात ऐकून घेतलंस.

“तुझं झालं? आता ऐक. तू स्पर्धेशी खेळतोयस. स्पर्धेला तुझ्याशी काही देणंघेणं नाही. तुला हरवायचंय ते आपल्या तीस लोकांना. सगळे ज्याला विजेता म्हणतात त्यालाच तूही विजेता म्हटलंस आणि तो जिंकला, तर तुझ्यासारखे पंधरा जण असतील. गर्दीत उभा राहशील. म्हणून आधी बघायचं, बाकीचे काय लिहिणार.”

“म्हणजे मुद्दाम चुकीचं लिहायचं?”

“मुद्दाम चुकीचं नाही रे. सगळीकडे शहाणपण, एकाच ठिकाणी वेडेपणा. आणि तो शेवटच्या रकान्यात.”

मग तू मला गुणांचं गणित सांगितलंस. पहिल्या फेरीतल्या बत्तीस सामन्यांना मिळून जेवढे गुण, तेवढे शेवटच्या एका सामन्याला. लोक सगळी हुशारी पहिल्या फेरीत खर्च करतात. कुठला तरी छोटा संघ मोठ्याला पाडणार असं भविष्य सांगून छाती फुगवतात, तो पडला की एक गुण मिळतो, नाही पडला तर पुढच्या फेऱ्यांतलेही जातात. बाराव्या मानांकनाचा संघ पाचव्याला हरवतो, हे गुपित तर सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित पैजेत बिनकामाचं. तिथे मुकाट्याने मोठ्यांच्या मागे जायचं आणि शेवटी विजेता म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा बलवान संघ घ्यायचा, जो जिंकू शकतो पण ज्याचं नाव कोणी लिहीत नाही. हे मला गाडीत पटलं नाही. घरी येऊन मॉडेलमध्ये घातलं तेव्हा पटलं, पण ते मी तुला सांगितलं नाही.

तुझा आणखी एक कायदा होता. आपल्या कॉलेजला कधी निवडायचं नाही. ओहायोतलं तुझं कॉलेज इतक्या वर्षांत एकदाच स्पर्धेपर्यंत पोचलं, तेव्हासुद्धा तू त्याच्या विरुद्ध लिहिलंस. ते पहिला सामना जिंकलं. दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात शिरा आणलास आणि म्हणालीस, पैज हरण्यात इतका आनंद असतो हे माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आपले तक्ते निघण्याआधीच स्पर्धा रद्द झाली. त्याच सुमाराला आपलं ऑफिस बंद झालं, शाळा बंद झाल्या, आणि लोक दुकानांतून टॉयलेट पेपर उचलून न्यायला लागले. दोन दिवसांनी तुझा निरोप आला. तक्ता भरायचा आहे, नावं बदलली आहेत. तू चौसष्ट मराठी पदार्थ लावले होतेस. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, अळूवडी, सगळ्यांना मानांकन दिलं होतंस. रोज सात-आठ जोड्यांवर मंडळाने मतं द्यायची, आणि कोण जिंकेल ते आधी लिहून ठेवायचं. मी मिसळ विजेती म्हणून लिहिली. आम्ही बहुतेकांनी तेच लिहिलं. तू वरणभात लिहिलंस. वरणभाताचं मानांकन तूच अकरावं ठेवलं होतंस.

वरणभाताने आधी भजी पाडली, मग पुरी-भाजी, मग उपांत्य फेरीत श्रीखंड. त्या आठवड्यात स्लोटरडाइकच्या एका मुलाला ताप आला होता, तो एकटा राहायचा, आणि ग्रुपवर सगळे त्याला काय खा, काय पी ते सांगत होते. अंतिम फेरीत मिसळ साफ हरली. मी तुला फोन केला आणि विचारलं, कसं काय ओळखलंस. तू म्हणालीस, घाबरलेली माणसं मिसळ खात नाहीत.

त्या वर्षी पाडव्याच्या पोळ्या कोणीच कोणाकडे नेल्या नाहीत. आपण कॅमेऱ्यासमोर आपापल्या घरी जेवलो. माझ्या मुलीने, इराने, स्क्रीनवर तुला विचारलं, “नीलामावशी, डिड यू विन अगेन?” आणि तू तिला मराठीत सांगितलंस की जिंकायचं असेल तर आधी लोकांकडे बघायला शीक. तिने ‘ओके’ म्हटलं आणि ती निघून गेली. परवा तिने मला विचारलं, आता कोणाकडे बघायचं. हे तिने डचमध्ये विचारलं, म्हणून मला समजायला क्षणभर वेळ लागला.

तुझं पोट सप्टेंबरात दुखायला लागलं. इथल्या हाउसआर्ट्सने, आपल्या फॅमिली डॉक्टरने, इथल्या रीतीप्रमाणे आधी पॅरासिटामॉल दिली, मग तपासण्या लिहून दिल्या. दिवाळीपर्यंत सगळं कळलं होतं. गाठ पोटातून पुढे पसरलेली होती. केमोच्या फेऱ्या झाल्या, त्यांचा थोडा उपयोग झाला आणि मग थांबला. जानेवारीत डॉक्टर म्हणाले की दूरच्या एका शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यासाठी तिथेच राहावं लागेल. तुझं नाव बसू शकतं. फार थोड्या लोकांना उपयोग होतो, पण ज्यांना होतो त्यांना चांगला होतो. नाही तर घरी राहायचं, दुखणं आवाक्यात ठेवायचं, आणि मिळतील ते महिने घ्यायचे.

मी मनात म्हटलं, झालं. हा तर ताईचाच सामना आहे. थोडी शक्यता, मोठा फायदा, कोणी न घेतलेली वाट.

तू घरी राहायचं ठरवलंस.

हे ठरण्याच्या आधीपासूनच सरकारचा नियम होता की घरात दिवसाला एकच पाहुणा. तू त्याचंही गणित तेव्हाच मांडलं होतंस. आठवड्याचे वार वाटून दिले होतेस, आणि शुक्रवार मला आला होता. मी दुपारीच लॅपटॉप बंद करून सायकलवर तुझ्याकडे यायचो. खिडकीजवळ तुझी खुर्ची, तिच्यापासून दीड मीटरवर माझी, आणि रात्रीच्या संचारबंदीच्या आत घरी पोचायचं म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे आपल्या दोघांचंही लक्ष.

फेब्रुवारीत कालवे गोठले होते, तो शुक्रवार मला जसाच्या तसा आठवतो. तुझ्या खिडकीतून दिसत होतं, अख्खा मोहल्ला बर्फावर घसरत होता, म्हातारेसुद्धा. आपण भांडत होतो. म्हणजे मी भांडत होतो.

“आयुष्यभर आम्हाला शिकवलंस, सगळ्यांसारखं खेळू नका म्हणून. आणि स्वतःची वेळ आली तर सगळ्यात साधा पर्याय घेतेस?”

“हो.”

“का पण?”

“कारण पैजेत तीस माणसं असतात. तीस जणांना मागे टाकायचं म्हणून वेगळं काही तरी निवडायचं. इथे मी कोणाला मागे टाकणार आहे? इथे मी एकटीच खेळतेय रंगा. एकटं खेळताना जास्त शक्यता असेल तेच घ्यायचं. तुझं मॉडेल बरोबर होतं, फक्त तू ते चुकीच्या खेळात वापरत होतास.”

तू जिंकल्यावर करायचीस तसा चेहरा केलास आणि चहा मागवलास. प्रकाशराव चहा घेऊन आले, आणि आपण दोघं बाहेरचे घसरणारे म्हातारे बघत बसलो. मी घरी जाताना सायकलवर रडलो. थंडी इतकी होती की डोळ्यांचं पाणी कशाचं ते कोणी विचारलं नसतं.

मार्चमध्ये स्पर्धा परत आली. सगळे संघ एकाच राज्यात कोंडून ठेवले होते, प्रेक्षक मोजके. पहिली फेरी नेमकी शुक्रवारी सुरू होत होती. दर वर्षी मी जे विसरतो ते याही वर्षी विसरलो. अमेरिकेतली घड्याळं आपल्या आधी पुढे जातात, त्यामुळे मार्चमधले दोन आठवडे तो देश आपल्याला एका तासाने जवळ येतो. तक्ते पाचला बंद होणार होते. मी सहा धरून चाललो होतो आणि आरामात साडेचारला आलो.

“ये. अर्धा तास आहे,” तू म्हणालीस. “चुका मोजायचा पगार घेतोस आणि घड्याळ बघता येत नाही. या वर्षी गंमत करू. तुझा तक्ता मी भरते, माझा तू भर. मी काय लिहिलं असतं ते तू लिहायचं.”

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि भराभर लिहीत सुटलो. मला वाटलं, तुला मी पूर्ण ओळखतो. बारावा पाचव्याला हरवेल, चौदावा तिसऱ्याला हरवेल, कुठलं तरी कधी न ऐकलेलं कॉलेज उपांत्य फेरीत. विजेता म्हणून मी असा संघ टाकला जो पहिल्याच दिवशी घरी गेला. पाचला पान बंद झालं तेव्हा तू माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंस. नियमाला धरून नव्हतं, दीड मीटर नव्हतं.

“इतक्या वर्षांत तुला माझं एवढंच कळलं?” तू म्हणालीस.

तू हसत होतीस, पण मला ते लागलं. तू तर मला एकाच ठिकाणी वेडेपणा शिकवला होतास. मी तुझ्या नावावर सगळीकडे वेडेपणा करून ठेवला होता. आणि मग माझ्या लक्षात आलं की जानेवारीपासून मी तुझ्याशी भांडत होतो ते या दुसऱ्याच बाईला धरून, जी मिळेल ती जोखीम उचलते. ती बाई मीच रचली होती. मला ती हवी होती, कारण ती चाचणीला गेली असती.

माझा तक्ता तू कसा भरलास ते मी तेव्हा पाहिलं. सगळीकडे मोठे संघ, माझ्या मॉडेलसारखेच, एका ओळीनेही वेगळे नाहीत. फक्त शेवटच्या सामन्यात तू जगाने ठरवलेला विजेता घेतला नव्हतास. या वर्षी एक संघ कोणाकडूनच हरलेला नव्हता, आणि आपल्या पैजमंडळातल्या बहुतेकांनी त्याचंच नाव लिहिलं होतं. तू त्याला अंतिम सामन्यापर्यंत आणलं होतंस आणि तिथे दुसऱ्याकडून हरवलं होतंस.

“हे मी कधी लिहिलं नसतं,” मी म्हणालो.

“माहीत आहे. म्हणून तर मी लिहिलं.”

मग आपण पहिला सामना पाहिला. तुला मध्ये डुलकी लागली. मी आवाज कमी केला आणि जागा झालो तर तू मलाच विचारत होतीस, स्कोअर काय. म्हणजे मलाही डुलकी लागली होती. प्रकाशराव म्हणाले, दोघं क्रीडाप्रेमी छान झोपलात.

पुढे माझा तक्ता चढत गेला आणि तुझा पहिल्या आठवड्यातच तळाला गेला. मधल्या फेऱ्यांत बरेच मोठे संघ पडले, पण ते सगळ्यांचेच पडले. अंतिम सामना आपल्याकडे पहाटे झाला. सकाळी मी दात घासत असताना तुझा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

“अभिनंदन. न हरणारे हरले. पहिला आलास.”

“तू जिंकलीस ताई. तो तुझा तक्ता होता.”

“नाव तुझं आहे. आणि माझ्या नावाने मी शेवटची आलेय, तुझ्या कृपेने. पोळ्या मला लाटायच्या आहेत. पाडवा पुढच्या मंगळवारी आहे, पण आपण आधीच्या शुक्रवारी करू. तुझा वार आहे.”

अनघा म्हणाली, त्यांना हे झेपणार नाही, नाही म्हणून सांग. मी तुला फोन करून सांगायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस, नियम केला तेव्हा मी कोणाला सूट दिली नव्हती. त्या शुक्रवारी प्रकाशरावांनी पुरण शिजवून ठेवलं होतं आणि कणीक मळून ठेवली होती. तू स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसलीस. पहिली पोळी तू लाटलीस. लाटणं दाबायला जोर नव्हता, कड जाड राहिली, मधून पुरण बाहेर आलं. ती तव्यावर टाकली तर निम्मी तव्याला चिकटली.

“ही प्रकाशला,” तू म्हणालीस. “त्याला नवीन नाही.”

उरलेल्या मी लाटल्या. तू स्टुलावरून सांगत राहिलीस, कडेने फिरव, मध्ये दाबू नकोस, पीठ झटक, असं पीठ लावलंस तर खाणारा खोकेल. तीस जणांच्या पोळ्या होत्या. मध्ये तू म्हणालीस की माझा हात बसतोय. हे तू माझ्या कुठल्याही मॉडेलला कधी म्हणाली नव्हतीस. संध्याकाळी मी सायकलच्या पिशव्या भरून आइंडहोव्हनभर दारोदार डबे ठेवत फिरलो. घंटी वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं, आणि सांगायचं, नीलाताईकडच्या पोळ्या. नीउ-व्हेनेप आणि स्लोटरडाइकला पार्सलं गेली. त्यानंतर मला एकच शुक्रवार मिळाला, आणि त्या दिवशी तू बहुतेक वेळ झोपून होतीस.

तू गेलीस, आणि त्याच आठवड्यात सरकारने घरात दिवसाला दोन पाहुण्यांना परवानगी दिली. हे वाचून मी फोन भिंतीवर फेकणार होतो. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती, बाकीच्यांनी लिंकवर पाहिलं. सांगलीहून तुझा भाऊही लिंकवरच होता, आणि मध्येच त्याच्याकडची वीज गेली.

मला खरं तर इथेच थांबता आलं असतं. पण माझ्या मनात तुझ्या त्या फेब्रुवारीतल्या उत्तराला एक उत्तर तयार झालं होतं, आणि ते द्यायला तू नव्हतीस. मुद्दा साधा होता. तू म्हणालीस, इथे मी एकटी खेळतेय. ते चूक होतं. तू एकटी नव्हतीस. आम्ही सगळे तुझ्यावरच लावून बसलो होतो. प्रकाशराव, इरा, अनघा, तो ताप आलेला मुलगा, मी. तू तुझा तक्ता भरताना आम्हाला मोजलं नाहीस. इतकी हुशार बाई, आणि आपल्या मंडळात किती माणसं आहेत तेच चुकली. मला तुझा राग आला होता, ताई. अजून थोडा आहे. तू नसल्याची सवय होईल, पण तू प्रयत्न केला नाहीस, हे पचत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी मी प्रकाशरावांकडे गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. साडेतीन वाजता लॅपटॉप बंद झाला आणि पाय सायकलकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आश्चर्य दाखवलं नाही, चहा ठेवला. तुझी खुर्ची खिडकीजवळच होती. मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि चहा संपायच्या आत त्यांना हा सगळा मुद्दा सांगून टाकला. त्यांच्यावर तो ओतायला नको होता, पण दुसरं कोण होतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. पैजेतलं त्यांना काही कळत नाही, बास्केटबॉलला ते अजून हातचेंडू म्हणतात.

“तुला तिने एकटी खेळतेय असं सांगितलं?” ते म्हणाले.

“हो.”

“तुला गप्प करायला सांगितलं असेल. आमचं दोघांचं जानेवारीत रोज बोलणं व्हायचं. मीही जा म्हणत होतो. मग तिने त्या हॉस्पिटलात फोन केला आणि एकच गोष्ट विचारली. औषधाचं काही नाही विचारलं. भेटायला कोण येऊ शकेल, हे विचारलं.”

“मग?”

“कोरोनामुळे एकच माणूस. आधी नाव द्यायचं, तेच शेवटपर्यंत. मी म्हटलं, बरं मग, मी आहे ना. तर म्हणाली, तू आहेस रे, पण मग रंगाचा शुक्रवार जाईल.”

त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला, मला नको होता तरी.

ताई, मुद्दा मी मागे घेतो. तू आम्हाला मोजलं होतंस, वार लावून मोजलं होतंस. आणि मी साधा पर्याय म्हणून ज्याच्यावर भांडलो, तोच तुझा शेवटच्या रकान्यातला वेडेपणा होता, हे मला तुझ्या खुर्चीसमोर बसून कळलं. बरोबर होतं की चूक, ते मला अजून सांगता येत नाही. कदाचित औषध लागू पडलं असतं. पण मग मला तो गोठलेल्या कालव्याचा शुक्रवार मिळाला नसता, पुरणपोळ्यांचा मिळाला नसता, आणि तुझ्या शेजारी बसून डुलकी काढायची संधी तर नक्कीच मिळाली नसती. यातलं काहीही मी परत द्यायला तयार नाही. एवढं मात्र मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

पान मी पुसणार नाही. पुढच्या मार्चपर्यंत तुझं नाव तळाला राहू दे, ते माझ्यामुळे तिथे आहे. पैजमंडळ मी चालवीन, निरोप तुझ्याइतका खवचट जमणार नाही. प्रकाशरावांनी विचारलं की हातचेंडूचा तक्ता त्यांनाही भरता येईल का. मी म्हटलं, येईल, पण शिकायला वेळ लागेल. ते म्हणाले, मग शुक्रवारी ये.